ब्रेक ऑइल कमी होतंय? मग ते जातंय कुठे?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा एसटीत बसल्यावर ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी. बोलतानाचे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" निम्मे कापलेत, निम्मे राहिलेत.)

हेडफोन लावून गाडी चालवत असाल तर आधी हेडफोन काढा. आजचा विषयच तसा आहे.

मी मूळचा चिखलीचा, बुलडाणा जिल्हा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे मी काही गाड्यांचा मिस्त्री नाही, हे आधीच सांगतो. पण गेल्या एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली आणि त्यानंतर मी ब्रेकच्या पाइपांबद्दल जेवढं वाचलं, विचारलं आणि गाडीखाली वाकून पाहिलं, तेवढं कॉलेजच्या चार वर्षांत कुठल्याच विषयाचं केलं नव्हतं. ते सगळं आज तुमच्यासमोर.

राजूर घाटातला तो रविवार

आमच्या बुलडाणा शहराला रेल्वे नाही. चिखलीलाही नाही. पुण्या-मुंबईची गाडी पकडायची तर मलकापूरला जायचं. चिखली, बुलडाणा, राजूर घाट, मोताळा आणि मलकापूर. जिल्ह्यातल्या लोकांना हा रस्ता पाठ असतो. बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगरावर आणि मलकापूर खाली सपाटीवर. त्यामुळे मधे घाट उतरल्याशिवाय पर्याय नाही.

त्या दिवशी बाबा मला सोडायला निघाले. मागे आई आणि ताईची सहा वर्षांची मुलगी. "मामाला गाडीत बसवून येऊ" म्हणून तीही आलेली. गाडी २०११ ची, सेकंडहँड घेतलेली. बाबांचा तिच्यावर फार जीव.

घाटात तिसरं वळण संपलं आणि बाबांनी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं. म्हणजे नेहमी जिथं थांबतं तिथं न थांबता पार खाली, मॅटपर्यंत. बाबा एकदम शांत आवाजात म्हणाले, "अरे, ब्रेक लागून नाही राह्यला."

मला आधी वाटलं, गंमत करतायत. मग त्यांचा पाय दिसला. ते पेडल पंप करत होते, धाड-धाड-धाड. तीन-चार वेळा दाबल्यावर थोडी पकड आली, पण अगदीच थोडी. त्यांनी तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला, गाडी किंचाळली, मग पहिला. हँडब्रेक हळूहळू ओढत नेला. डोंगराच्या बाजूला नाली होती, तिच्या कडेला डावी चाकं घासत गाडी थांबली. समोरून त्या मिनिटाला ट्रक आला नाही, एवढंच आमचं नशीब.

भाची झोपेतून उठून म्हणाली, "आलं का स्टेशन?"

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली ती वीस मिनिटं एक शब्द बोलली नाही.

माझी चूक, जी मला माहीत होती

आता खरी गोष्ट. दिवाळीत घरी आलो होतो तेव्हा डॅशबोर्डवर लाल दिवा लागत होता. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलची डबी मिनिममच्या खाली. दुकानातून बाटली आणली, भरलं. दिवा गेला. मला वाटलं, काम झालं. संक्रांतीला आलो, पुन्हा तोच दिवा. पुन्हा भरलं. बाबांना म्हणालो, "जुनी गाडी आहे, पिते थोडं ऑइल."

विचार करा. कामावर माझ्या सर्व्हरची डिस्क महिन्यात दोनदा भरली असती, तर मी नुसत्या फाइली उडवून झोपलो असतो का? पहिल्यांदा कदाचित हो. दुसऱ्यांदा नाही. तिथं मी लॉग उघडून बसतो. आणि इथं ज्या गाडीत आई बसते, तिच्यात मी दोनदा बाटली ओतली आणि विसरलो.

अजून एक सांगतो, लाज वाटते तरी. त्याच दिवाळीत मी बाबांच्या गाडीला अँड्रॉइड स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून दिला होता. अकरा हजार रुपये. मागचं दिसावं म्हणून अकरा हजार, आणि थांबता यावं म्हणून शून्य.

मलकापूरहून मिस्त्री आले. वयस्कर चाचा. पुढचं उजवं चाक पूर्ण वळवलं, आत टॉर्च मारला आणि मला बोलावलं. चॅसीवरची लोखंडी नळी आणि चाक यांच्यामधला जो रबरी होज असतो, तो फिटिंगपाशी फुटलेला. टायरची आतली बाजू ओली, तेलकट. आणि त्या ओल्यावर जुन्या धुळीचा काळा थर. म्हणजे गळती त्या दिवसाची नव्हती. फुटला त्या दिवशी, गळत होता कित्येक महिने.

मी म्हणालो, "चाचा, दोनदा ऑइल भरलं होतं हो."

ते म्हणाले, "गाडी काय तेल पेते का पोरा? कमी झालं म्हणजे कुठी तरी गेलं."

आजच्या भागात मला सांगायचंय ते एवढंच. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

पाइपात नेमकं काय चालतं?

शाळेतला पास्कलचा नियम आठवतो? बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. कारचा ब्रेक म्हणजे तेच. तुम्ही पेडल दाबता, बूस्टर तुमच्या पायाचं बळ वाढवतो, मास्टर सिलेंडर ऑइलवर दाब देतो आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो.

दाब किती? टायरमध्ये आपण बत्तीस-तेहतीस पॉइंट हवा भरतो, म्हणजे बत्तीस-तेहतीस पीएसआय. जोरात ब्रेक मारला की त्या बारीक नळीत हजार पीएसआयच्या वर दाब जातो. टायरच्या तीस पट! म्हणून जी नळी सावकाश चालवताना महिनोन्‌महिने नुसती पाझरते, ती नेमकी तेव्हा फुटते जेव्हा तुम्ही जिवाच्या आकांताने ब्रेक दाबता. गरज सर्वात जास्त, तेव्हाच दाब सर्वात जास्त.

नळ्या दोन प्रकारच्या. चॅसीच्या खालून जाते ती पोलादी, साधारण पेन्सिलीपेक्षा बारीक. आणि चाक वर-खाली होतं, वळतं, म्हणून शेवटचा तुकडा रबरी होज. दोघांचं मरण वेगवेगळं.

पोलादी नळी गंजते. अमेरिकेत यावर मोठं प्रकरण झालं होतं. तिथं बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप आणि एसयूव्हींच्या ब्रेक नळ्या गंजून फुटतायत अशा तक्रारी आल्या. तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेने काही वर्षं चौकशी केली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती बंद केली. रिकॉल नाही. निष्कर्ष असा की हा बनवण्यातला दोष नाही, वय आणि गंज यांमुळे झालेली झीज आहे, आणि इतर कंपन्यांच्या जुन्या गाड्यांतही ती दिसते. मालकांना सल्ला दिला की गाडी खालून धुवा, नळ्या तपासून घ्या, गंजल्या असतील तर बदला. मला यातला मुद्दा महत्त्वाचा वाटतो. गाडी जुनी झाली की कंपनी तुम्हाला पत्र पाठवणार नाही. बघायचं तुम्हालाच.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठं बर्फ आणि मीठ? कोकणात खारी हवा आहे. आणि आपल्याकडे काळी माती आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतात गाडी नेली की ती माती चॅसीच्या कोपऱ्यांत, नळीच्या क्लिपांमागे जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. वरून गाडी चकाचक, क्लिपेखाली नळी सडतेय. त्यात पांदणीतले दगड खालून लागतात ते वेगळंच.

रबरी होजचे तीन आजार. पहिला, बाहेरून भेगा. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, रबर कडक होतं, वाकवलं की बारीक चिरा दिसतात. दुसरा, फुगा. आतला थर फाटतो आणि ब्रेक दाबला की होज बेडकासारखा फुगतो. पेडल स्पंजासारखं लागतं. तिसरा आजार सगळ्यात फसवा: बाहेरून होज नवाकोरा, आतून सुजून बंद झालेला. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, पण परत येत नाही. एकेरी रस्ता. मग तो ब्रेक लागलेलाच राहतो, एकच चाक तापतं, जळका वास येतो, गाडी एका बाजूला ओढते. लोक अलाइनमेंट करून घेतात आणि दुखणं तसंच राहतं.

"ब्रेक फेल" या शब्दाखाली काय-काय लपतं

बातमीत आपण रोज वाचतो, "ब्रेक फेल झाल्याने." पण हा एक शब्द चार-पाच वेगळ्या गोष्टींवर टाकलेलं पांघरूण आहे.

एक, आमच्यासारखी गळती. दोन, ऑइल उकळणं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ ऑइलसाठी मानक असं आहे की नवीन असताना ते किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, पाणी मुरल्यावर मात्र हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला, चाकं तापली, जुनं ऑइल उकळलं, की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही. पेडल खाली. अर्ध्या तासाने गार झालं की ब्रेक पुन्हा ठीक!

तीन, ड्रायव्हरची सवय. पुण्यात राहणाऱ्यांना नवले पूल माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका ट्रकने उतारावर कितीतरी गाड्यांना धडक दिली. पहिल्यांदा "ब्रेक फेल" हेच सगळीकडे आलं. नंतर पोलीस आणि आरटीओच्या प्राथमिक तपासातून जे समोर आलं ते असं, की ट्रक उतारावर इंजिन बंद करून सोडला होता. डिझेल वाचवायला. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनवरचा कंप्रेसर भरतो. इंजिन बंद म्हणजे नवी हवा नाही, आणि गिअरने मिळणारी अडवणूकही नाही. कारमध्येही तसंच, इंजिन बंद केलं की दोन-तीन वेळा दाबल्यावर बूस्टरचा जोर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. म्हणून उतारावर न्यूट्रल नको आणि चावी बंद तर मुळीच नको.

गाडी बिघडली तर थांबते की सुटते?

इथं माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, दोन मिनिटं सहन करा.

ज्या मलकापूर स्टेशनला आम्ही निघालो होतो, तिथल्या रेल्वेगाडीचा ब्रेक उलट्या विचाराने बनलाय. १८७० च्या दशकात जॉर्ज वेस्टिंगहाउसने ही पद्धत आणली. संपूर्ण गाडीभर हवेचा पाइप असतो, आपल्याकडे त्यात साधारण ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब ठेवतात. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब गेला की ब्रेक लागतात. चेन ओढल्यावर हेच होतं, पाइपातली हवा बाहेर जाते. म्हणजे पाइप फुटला तर ट्रेन थांबते. मोठ्या ट्रक-बसमध्येही हवा फार कमी झाली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात. अर्थात ब्रेक आधीच तापून निकामी झाले असतील तर स्प्रिंगही काही करू शकत नाही, कारण ड्रम तोच आणि लायनर तेच.

आपल्या कार-बाइकमध्ये उलट आहे. पाइप फुटला तर ब्रेक जातो. म्हणून कारमध्ये दोन वेगळे सर्किट देतात, एक फुटलं तरी दुसरं उरावं. त्या दिवशी आम्हाला उरले ते मागचे ब्रेक, आणि उतारावर गाडीचं वजन पुढे झुकतं तेव्हा मागच्यांचा जोर फार पुरत नाही. तरी पंप केल्यावर जी थोडी पकड आली, ती त्यांचीच. त्यांनी आणि हँडब्रेकने आम्हाला वाचवलं.

पण या दुहेरी व्यवस्थेची एक खोड आहे. ती अर्धा बिघाड पचवून गाडी चालू ठेवते. चाचांनी सांगितलं, काही लोक तर गळणाऱ्या चाकाची नळी ठोकून बंद करून घेतात, "गावापर्यंत पोचू दे" म्हणून, आणि मग त्याच तीन चाकांच्या ब्रेकवर सहा महिने फिरतात. चालतंय ना, मग चालू द्या!

आणि कायदा? खाजगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. त्यानंतर नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. पीयूसी फक्त धूर बघते. टॅक्सी-ट्रकला फिटनेस आहे, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. पण तुमच्या-माझ्या घरच्या कारचे ब्रेक पहिली १५ वर्षं कुणीही तपासणं सक्तीचं नाही. आमच्या गाडीला अजून एक वर्ष बाकी होतं. कागदावर एकदम ओके.

तर करायचं काय? फोन आहे ना हातात

एक. ब्रेक ऑइलच्या डबीवर मार्करने आजच्या पातळीची रेघ मारा आणि फोटो काढा. महिन्याने पुन्हा फोटो. पॅड झिजतात तशी पातळी अगदी सावकाश उतरते, ते नॉर्मल. पण भरल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा खाली आली, तर बाटली ठेवा आणि गळती शोधा.

दोन. गाडी उभी, इंजिन चालू, पेडल एकसारखं दाबून तीस सेकंद धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर कुठून तरी दाब जातोय: नळी, होज, नाहीतर मास्टर सिलेंडरचं रबर.

तीन. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, फोनचा टॉर्च लावून पुढच्या चाकामागचा होज बघा. भेगा, ओल, फुगवटा, टायरला घासल्याची खूण. मग दुसरी बाजू. टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवा, ओलं-तेलकट लागलं तर तिथंच थांबा. पण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, कधीच नाही. खालच्या नळ्या मिस्त्रीकडे रॅम्पवर बघून घ्या, फोटो मागा.

चार. बाइकवाल्यांनो, पुढे डिस्क असेल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणला किंवा घासला जातो का ते बघा. सेकंडहँड बाइकला उंच हँडल बसवलं असेल तर हे आधी.

पाच. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, नुसतं टॉपअप नको. डबीच्या झाकणावर लिहिलेलाच डॉट नंबर. इंजिन ऑइल चुकूनही नाही, आतलं रबर फुगून सगळं कामातून जातं. आणि वॉशिंगवाल्याला सांगा, खालून डिझेलचा फवारा मारू नको. गाडी चमकते, रबर मरतं.

सहा. होज बदलायचा तर जोडीने बदला, डावा-उजवा दोन्ही. खुणा नसलेला सुटा माल नको. काम झाल्यावर नळीतली हवा नीट काढून घ्या आणि घाटात जाण्याआधी सपाट रस्त्यावर ट्रायल घ्या.

आणि समजा चालताना पेडल गेलंच, तर बाबांनी केलं तेच: पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली, हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, हॉर्न, लाइट, आणि दरीऐवजी डोंगराची बाजू. चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

शेवटचं

आमच्या गाडीचे सगळे होज, नवीन ऑइल, मजुरी, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत झालं. स्क्रीनच्या एक तृतीयांश. माझी ट्रेन अर्थातच गेली. दुसऱ्या दिवशी बाबाच मला पुन्हा सोडायला निघाले, त्याच गाडीने, त्याच घाटातून. आई म्हणाली, "मी येते." मला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

घाटाच्या आधी बाबांनी गाडी बाजूला घेतली, दोनदा पेडल दाबून पाहिलं, मग उतरले. आता ते प्रत्येक वेळी तसं करतात. आणि महिन्याच्या एक तारखेला फॅमिली ग्रुपवर ब्रेक ऑइलच्या डबीचा फोटो येतो. गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मधे. काकांना अजून कळलेलं नाही की ते काय आहे, ते रोज हात जोडतात.

या सुट्टीत गावी गेलात की वडिलांच्या गाडीचं बॉनेट उघडा. फोटो काढा. आणि गाडी "थोडं ऑइल पिते" असं कुणी म्हणालं, तर चाचांचं वाक्य त्यांना ऐकवा. तुमच्या गाडीत काय सापडलं ते व्हॉइस नोटने कळवा, पुढच्या भागात घेऊ.

चला, भेटू. सावकाश या.